चौथ्या दिवशी आलेले रडू

चोपडा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या ताईंचे पत्र गेल्या महिन्यात आले. अमळनेरला आम्ही ऋत्विक घटक यांचा ‘मेघे ढाका तारा’ हा १९६० सालचा बंगाली चित्रपट दाखवला, तेव्हा त्या आल्या होत्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. आजूबाजूची माणसे डोळे पुसत होती, तेव्हा त्यांना रडू आले नाही. उलट नायिकेचा राग आला, ‘ही बोलत का नाही’ असे सारखे वाटत राहिले आणि शेवटच्या अर्ध्या तासात उठून जावेसे वाटले. घरी परतून त्या नेहमीच्या कामाला लागल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी गॅसवर वरण उकळत होते, झाकण थडथडू लागले आणि पातेले खाली उतरवता उतरवता त्यांना असे रडू फुटले की ओट्याला धरून उभे राहावे लागले. त्यांचे यजमान म्हणाले, असले चित्रपट म्हणजे विकतचे दुखणे, कशाला जायचे? ताईंनी मला तीन गोष्टी विचारल्या आहेत: चित्रपट आपल्याला कळला नाही का, चार दिवसांनी असे रडू येणे बरे का, आणि असले चित्रपट पाहणे सोडून द्यावे का. पत्रात जाता जाता एक वाक्य आहे की, त्या घरातील थोरल्या, वडिलांची नोकरी सुटल्यावर धाकट्या तिघांची शिक्षणे त्यांच्या पगारावर झाली. त्यांच्या परवानगीनेच हे उत्तर सर्वांसाठी लिहितो आहे, कारण धुळ्यात आणि आसपासच्या गावांत चित्रपट रसिक मंडळाचे काम करताना गेल्या तीस-बत्तीस वर्षांत हेच प्रश्न निरनिराळ्या माणसांनी, बहुतेक वेळा खुर्च्या आवरून झाल्यावर, हळू आवाजात मला विचारले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ताई, चित्रपट तुम्हाला कळला. सभागृहात रडलेल्या अनेकांपेक्षा अधिक कळला असण्याचा संभव आहे. सभागृहात रडू येणे ही चांगली गोष्ट आहे, पण ती कळण्याची पावती नव्हे. शेजारच्या बाईने नाक ओढले की आपलाही घसा दाटतो. लग्नात पाठवणीच्या वेळी नवरीला न ओळखणारेही डोळ्यांना पदर लावतात, तशातलेच ते असते. रडू न येता राग येणे, कंटाळा येणे, अंग आकसून घेणे, उठून जावेसे वाटणे या सगळ्या खऱ्या प्रतिक्रिया आहेत आणि माझा अनुभव असा की ज्या प्रतिक्रियेची आपल्याला लाज वाटते तीच बहुधा सर्वांत प्रामाणिक असते.

आता तुमच्या रागाकडे पाहू. देशाच्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून कलकत्त्याच्या वेशीवर येऊन राहिलेल्या निर्वासित कुटुंबातील नीता ही मिळवती मुलगी आहे. सुरुवातीलाच तिच्या चपलेचा पट्टा तुटतो, नवी चप्पल घेण्याऐवजी ती तशीच पाय ओढत चालू लागते, आणि पुढचे दोन तास घरातील प्रत्येक जण तिच्याकडून काही ना काही घेत राहतो. ज्याच्यावर तिचे प्रेम आहे तो सनत तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न करतो. नीता गप्प राहते. पाहणाऱ्याला तिचा राग यावा, ही घटकांची योजनाच आहे. पुढे एका प्रसंगी नीता स्वतःच कबूल करते की आपण अन्यायाविरुद्ध कधी तोंड उघडले नाही, हेच आपले पाप. तुम्हाला जे तासाभरापूर्वी तिला ओरडून सांगावेसे वाटत होते, तेच ती शेवटी स्वतःच्या तोंडाने बोलते. तोवर तिला क्षय झालेला असतो आणि उशीर झालेला असतो. मग डोंगरातील आरोग्यधामात, भावासमोर, ‘दादा, मला जगायचे होते’ हा तिचा टाहो फुटतो, कॅमेरा भोवतीच्या डोंगरांवरून फिरत राहतो आणि आवाज थांबत नाही. इतका वेळ गप्प बसलेली माणसे ज्या घरात पाहिली आहेत, त्या घरातल्या मुलीला त्या टाहोवर लगेच रडू येणार नाही. तिच्या मनात आधी हिशेब सुरू होईल. तुमच्या मनात तो चार दिवस चालला.

आणि चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातच का? याविषयी मी जे सांगणार आहे तो माझा तर्क आहे, पण या चित्रपटाची इतकी प्रदर्शने पाहिल्यावर तो मला मनापासून पटलेला आहे. घटक या चित्रपटात आवाज फार वेगळ्या रीतीने वापरतात. नीता सनतच्या खोलीवर जाते, तो एकटा नाही हे तिच्या लक्षात येते आणि ती जिना उतरू लागते, तेव्हा ध्वनिपट्टीवर चाबकाचे फटकारे ऐकू येतात. पडद्यावर चाबूक नाही, मारणारा नाही. हा प्रसंग बहुतेकांच्या लक्षात राहतो, कारण आवाज मोठा आहे. मात्र त्याच्या बऱ्याच आधी एक प्रसंग आहे: नीता आणि सनत बोलत असतात आणि तिची आई आडून पाहते. आईचा चेहरा ताणलेला आहे, कारण ही मुलगी लग्न करून गेली तर चूल कशी पेटायची, ही भीती तिला आहे. त्या वेळी मागे चुलीवर रटरटणाऱ्या अन्नाचा आवाज येतो. घरात कुणीतरी स्वयंपाक करत असेल, एवढेच आपण समजतो आणि विसरून जातो. पण तो आवाज कानात शिरलेला असतो. तुम्ही बंगाली संवाद ऐकत होता, इंग्रजी उपशीर्षके वाचत होता, म्हणजे तुमचे निम्मे लक्ष पडद्याच्या खालच्या कडेला बांधलेले होते. कानावर मात्र कसलाही पहारा नव्हता. तुमच्या गॅसवरचे झाकण थडथडले, तेव्हा चार दिवसांपूर्वी कानात गेलेली ती आई पुन्हा दारात येऊन उभी राहिली, असे मला वाटते. ती आई चित्रपटातली होती की आणखी कुणाची, हे तुम्हीच जाणता. मी त्यात शिरत नाही.

पूर्वी आम्ही सोळा मिलिमीटरच्या रिळांवर चित्रपट दाखवत असू, तेव्हा असे उशिराचे रडू फारसे कानावर येत नसे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून पत्र्याच्या पेट्या यायच्या, चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याच्या पॅसेंजरने आम्ही त्या घेऊन यायचो. प्रोजेक्टर एकच होता, त्यामुळे रीळ संपले की दिवे लागायचे आणि दुसरे रीळ चढेपर्यंत माणसे एकमेकांच्या चेहऱ्यांकडे पाहायची. कुणी पाणी प्यायचे, कुणी उगीच घड्याळ पाहायचे, कुणी बाहेर जाऊन एक विडी ओढून यायचे. ती पाच मिनिटे आम्हाला अडचण वाटत असत. आज संगणकावरून चित्रपट सलग चालतो, संपला की माणसे मोटारसायकलला किक मारतात आणि वाटेतच मोबाइलवर कुणीतरी लिहिलेला अर्थ वाचायला लागतात. आपल्या अंगावर काय आले आहे ते पाहायला आता कुठेच जागा उरलेली नाही. म्हणून आमच्या प्रदर्शनांना मी आता चित्रपट संपल्यावर दहा मिनिटे दिवे मंद ठेवतो आणि कुणाला बोलू देत नाही.

कंटाळ्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण कलात्मक चित्रपटांविषयी सर्वांत अधिक गैरसमज तिथे आहे. काही वर्षांपूर्वी धुळ्यात आम्ही बेल्जियमच्या शांताल आकेरमन यांचा १९७५ सालचा ‘जान दिलमान’ दाखवला. त्याचे पूर्ण नाव लांबलचक आहे, त्यात त्या बाईच्या घराचा पत्ताही येतो. चित्रपट २०१ मिनिटांचा आहे आणि तो करताना दिग्दर्शिका अवघ्या पंचवीस वर्षांची होती. एका विधवेच्या आयुष्यातील तीन दिवस त्यात आहेत: ती अंथरूण आवरते, भांडी घासते, मुलाचे बूट पुसते, बटाटे सोलते, दुपारी घरी येणाऱ्या पुरुषाकडून पैसे घेऊन ते टेबलावरच्या भांड्यात ठेवते, आणि कॅमेरा एका जागी उभा राहून हे सगळे जवळजवळ पूर्ण वेळ पाहत राहतो. पहिल्या तासातच आमच्या सभागृहात चुळबुळ सुरू झाली. चित्रपटांवर चार पुस्तके वाचलेली आमची पुरुषमंडळी सर्वांत आधी अस्वस्थ झाली. दोघे चहाच्या निमित्ताने गेले ते परतले नाहीत.

त्या दिवशी एका महाविद्यालयीन मुलीबरोबर तिची आजी आली होती, केवळ सोबत म्हणून. आजींना इंग्रजी येत नव्हते, फ्रेंचचा तर प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवसाच्या प्रसंगात ती बाई बटाट्यांचे पातेले हातात घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते, पुन्हा परत येते, ते कुठे ठेवावे हे तिला सुचत नाही. आम्ही सगळे नुसतेच पाहत होतो. तेव्हा आजी नातीला म्हणाल्या, आणि शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेले: “बटाटा जास्त शिजी ग्यात. हाई बाईनं ध्यान आज ठिकानवर नही.” सभागृह एकदम सरळ बसले. कारण आजींनी सांगितले ते अगदी बरोबर होते. तिथूनच त्या बाईचे आयुष्य उसवायला लागते. त्या आधी दीड तास दिग्दर्शिकेने जे दाखवले ते एवढ्यासाठी, की बटाटे जास्त शिजले तर तो पाहणाऱ्याला भूकंप वाटावा. ज्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता त्यांना भूकंप जाणवला नाही. चाळीस वर्षे दोन वेळचा स्वयंपाक केलेल्या बाईला जाणवला. २०२२ साली ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाने जगभरातील समीक्षकांचा कौल घेतला, त्यात हाच चित्रपट सर्वश्रेष्ठ ठरला. ती बातमी मी वाचली, तेव्हा मला समीक्षक आठवले नाहीत, त्या आजी आठवल्या.

तेव्हापासून कुणी ‘कंटाळा आला’ असे म्हटले की मी त्याला कमी लेखत नाही, फक्त एवढे विचारतो की कंटाळा नेमका कोणत्या प्रसंगात सुरू झाला. हा प्रश्न फार उपयोगी आहे. कधी उत्तर असे येते की दिग्दर्शकाकडे सांगण्यासारखे काही नव्हते म्हणून तो रेंगाळला. असे चित्रपटही पुष्कळ आहेत आणि त्यांना महोत्सवांत बक्षिसे मिळतात, म्हणून आपण मान डोलावण्याचे कारण नाही. कधी उत्तर असे येते की, पडद्यावरचे काम आपण घरात रोज पाहतो पण त्याच्याकडे कधी बघत नाही, आणि आज बघावे लागले.

चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ सालच्या ‘कोर्ट’मध्ये असाच एक क्षण आहे. न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते, खोली रिकामी होते, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळा होतो. जळगावच्या प्रदर्शनात आमच्या कार्यकर्त्याला वाटले, चित्रपट संपला. त्याने सभागृहातील ट्यूबलाइट लावल्या, निम्मी माणसे उठली, आणि तेवढ्यात पडद्यावर न्यायाधीशांच्या सहलीचा प्रसंग सुरू झाला. माणसे उभ्यानेच पाहत राहिली. शेवटी न्यायाधीश बागेतल्या बाकावर डुलकी घेत असतात, मुले त्यांना दचकवतात, ते एका मुलाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. उभ्याने पाहणाऱ्यांपैकी एक वकील नंतर मला म्हणाले की, खटला संपला असे समजून मी पिशवी उचलली होती, आणि वीस वर्षे मी हेच करत आलो आहे. त्या चुकीच्या ट्यूबलाइटबद्दल मी कार्यकर्त्याला रागावलो नाही.

आता मी जे लिहितो आहे ते लिहायला मला बराच वेळ लागला. माझी आई अर्धांगवायूने चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. तिच्या जाण्याला दोन वर्षे झाल्यावर मी मिखाएल हानेके यांचा ‘आमूर’ पाहिला. २०१२ साली कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते आणि मी तो मंडळात दाखवावा की नाही हे ठरवण्यासाठी पाहायला बसलो होतो, म्हणजे एका अर्थी कामच करत होतो. पॅरिसमधील एक वृद्ध जोडपे, दोघेही संगीतशिक्षक; पत्नीला झटका येतो आणि पती तिची शुश्रूषा करतो. एका प्रसंगात तो तिला नळीच्या पेल्यातून पाणी पाजत असतो. ती ओठ घट्ट मिटते. तो विनवतो, पुन्हा पाजतो, ती पाणी थुंकते, आणि तो तिच्या गालावर चापट मारतो. मग दोघेही स्तब्ध होतात.

मी आईला चापट मारली नव्हती. पण एका दुपारी, मे महिन्यात, वीज गेलेली असताना, चमच्याने पाणी पाजताना तिने तोंड फिरवले आणि मी तिच्यावर ओरडलो होतो, आणि चमचा ताटलीत आपटला होता. तिने माझ्याकडे पाहिले ते मला आठवत नव्हते, असे मी समजत होतो. तो प्रसंग पाहून मी चित्रपट थांबवला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. उरलेला भाग मी तीन आठवड्यांनी पाहिला. या काळात मला एकदाही रडू आले नाही. फक्त पाण्याचा पेला हातात घेतला की मनगट जड व्हायचे.

आपल्याकडच्या काव्यशास्त्राने या गोष्टीचा फार बारकाईने विचार केला आहे. दुःखाचे नाटक पाहून आनंद कसा होतो, याचे उत्तर भट्टनायकाने ‘साधारणीकरण’ या कल्पनेने दिले: रंगमंचावरचे दुःख त्या पात्राचे राहत नाही, प्रेक्षकाचे स्वतःचेही राहत नाही, ते सर्वसामान्य मानवी दुःख होते, आणि म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त साधा सवाल केला आहे की, करुण रसात दुःखच असते तर तिकडे कुणी फिरकले असते का? तुमच्या यजमानांच्या ‘विकतच्या दुखण्या’ला सहा-सातशे वर्षांपूर्वी दिलेले हे उत्तर आहे. आणि अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली, त्यांत एक आहे निजसुखादिविवशीभाव, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होऊन जाणे. त्या दुपारी माझे तेच झाले. शास्त्राप्रमाणे पाहिले तर ‘आमूर’चा आस्वाद मला मिळाला नाही, मी विघ्नात अडकलो.

इतक्या मोठ्या आचार्याशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही, तरी माझ्या कामातून जे दिसले ते सांगतो. आजचे काही चित्रपट मुद्दाम साधारणीकरण होऊ देत नाहीत. संगीत वाजवून ते आपल्याला सावरत नाहीत, योग्य वेळी दृश्य बदलून नजर वळवू देत नाहीत, आणि त्यामुळे प्रेक्षक स्वतःच्या घरात जाऊन पडतो. तिथे त्याला जे भेटते त्याला मी विघ्न म्हणू शकत नाही. मात्र ते रसही नव्हे, हे मान्य करावे. ती वेगळीच, कष्टाची गोष्ट आहे. तिला वेळ द्यावा लागतो, आणि त्या वेळात कुणी ‘कसा वाटला चित्रपट’ असे विचारले तर ‘अजून सांगता येत नाही’ एवढे म्हणण्याची मोकळीक असावी लागते.

कुणाचे घर कोणते, हे आयोजकाला आधी ठाऊक नसते. तळोद्याजवळच्या एका वसतिगृहात आम्ही गोविंद निहलानी यांचा १९८० सालचा ‘आक्रोश’ दाखवला होता. कथा विजय तेंडुलकरांची. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर आपल्याच वकिलाशीही बोलत नाही, आणि वडिलांच्या अंत्यविधीसाठी बेड्या काढल्यावर कुऱ्हाड उचलून स्वतःच्या बहिणीला ठार करतो, तिच्या वाट्याला पत्नीचेच भोग येऊ नयेत म्हणून; त्यानंतर ओम पुरींची ती किंकाळी. शहरात हा चित्रपट दाखवला की चर्चा त्या शेवटावरच होते. तळोद्यात चर्चेला आधी कुणी तोंडच उघडले नाही. मग एक निवृत्त भिल्ल शिक्षक उठले आणि म्हणाले की, शेवटाचे राहू द्या, तो माणूस बसतो कसा ते तुम्ही पाहिले का? तहसील कचेरीत आमची माणसे अशीच बसतात. नाव पुकारले तरी लगेच उठत नाहीत, कारण आधी आपल्यालाच बोलावले की दुसऱ्या कुणाला, याची खात्री व्हावी लागते. एवढे बोलून ते खाली बसले. मी तो चित्रपट त्याआधी पाच-सहा वेळा पाहिला होता आणि त्याच्या मौनावर भाषणे दिली होती. बसणे मी पाहिले नव्हते.

म्हणून चर्चेची पद्धत मी बदलली. आपल्या भागात कुणी वारल्यावर त्या घरी द्वारदर्शनाला, म्हणजे भेटायला, जातात, तेव्हा काय होते ते आठवा. माणसे येतात, सतरंजीवर बसतात, थोडा वेळ कुणी बोलत नाही. ‘काय वाटते आहे’ असे कुणी विचारत नाही. मग कुणीतरी एखादी बारीकशी गोष्ट काढते: परवा सकाळी त्यांनी चहा अर्धाच घेतला होता, किंवा चष्मा अजून खिडकीतच आहे. त्या चष्म्यावरून बोलणे सुरू होते. आमच्याकडे आता चित्रपटानंतर प्रत्येकाने फक्त एक दृश्य किंवा एक आवाज सांगायचा असतो, जो त्याच्याबरोबर घरी जाणार आहे. अर्थ सांगायचा नाही, दिग्दर्शकाला काय म्हणायचे आहे तेही सांगायचे नाही. ‘मेघे ढाका तारा’नंतर अमळनेरला कुणी चप्पल सांगितली, कुणी डोंगर सांगितले. ताई, तुमच्यापर्यंत पाळी आली तेव्हा तुम्ही ‘माझे काही नाही’ म्हणालात, ते मला आठवते. ते उत्तरही वहीत लिहिलेले आहे.

आता थांबवावे का, या प्रश्नाकडे येतो. सगळेच वेदनादायक चित्रपट पाहण्याच्या लायकीचे नसतात. दुःख दाखवणे आणि दुःखाचा बाजार मांडणे यांतला फरक ओळखायला मी एक साधी गोष्ट पाहतो: माणूस कोसळतो तेव्हा कॅमेरा कुठे उभा आहे. अश्रूवर जाऊन चिकटला, व्हायोलिन सुरू झाले, आणि मार खाणाऱ्या बाईचे अंग दाखवण्यातच त्याला अधिक रस आहे असे दिसले, तर तो चित्रपट कितीही नावाजलेला असला तरी मी उठतो आणि इतरांनाही उठू देतो. याउलट एलेम क्लिमॉव यांचा १९८५ सालचा ‘कम अँड सी’ पाहावा. नाझी सैन्याने बेलारूसमधील ६२८ गावे माणसांसकट जाळली, हे सांगणारा हा चित्रपट पाहताना पोटात गोळा येतो, पण कॅमेरा बहुतेक वेळ त्या कोवळ्या मुलाच्या चेहऱ्यावर असतो, जो आपल्यादेखत म्हातारा होत जातो. तो मी कधीच रात्री दाखवत नाही. दुपारी दाखवतो, म्हणजे बाहेर पडल्यावर ऊन असते, रस्त्यावर भाजीच्या गाड्या असतात, घरी जाऊन करायची कामे असतात. कुणी रात्री अंथरुणात, मोबाइलवर, कानात इअरफोन घालून एकट्याने असला चित्रपट पाहिला असे सांगितले, की मला खरोखर काळजी वाटते.

आणि आयोजक म्हणून मी आधीच सांगतो: आजाऱ्याची शुश्रूषा, लहान मुलाचा मृत्यू, बलात्कार, आत्महत्या यांपैकी काही चित्रपटात असेल तर ते मी सुरुवातीला स्पष्ट शब्दांत सांगतो. काही जाणकार मित्रांना हे आवडत नाही, त्यांच्या मते धक्काच निघून जातो. माझ्या मते ज्याचे घर नुकतेच जळले आहे त्याला आगीचा धक्का देण्याचा अधिकार कुणाही दिग्दर्शकाला नाही. दाराजवळची रांग आम्ही मोकळी ठेवतो, आणि बाहेर गेलेल्याला परत आल्यावर कुणी काही विचारायचे नाही, असा आमचा शिरस्ता आहे.

चार दिवसांनी एकदा मोकळेपणी रडू येणे, त्यानंतर हलके वाटणे, यात घाबरण्यासारखे काही नाही. ताई, तुम्ही लिहिलेच आहे की, त्या रात्री तुम्हाला झोप चांगली लागली. दोन-तीन आठवडे झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, तेच तेच दृश्य दिवसा डोळ्यांपुढे येऊन हातातले काम थांबू लागले, तर मात्र तो चित्रपटाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा डॉक्टरांना भेटावे, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. तो निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येते. मंडळाच्या फलकावर आम्ही तो लिहून ठेवला आहे.

तुमच्या यजमानांना मात्र मी काही पटवून देणार नाही. विकतचे दुखणे असे ते म्हणतात, तेव्हा ते तुमची काळजीच करत असतात. ओट्याला धरून उभी राहिलेली बायको पाहून कुणालाही असेच वाटेल. त्यांना त्या संध्याकाळी नेमके काय झाले, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही असे पत्रावरून दिसते. चित्रपटाची गोष्ट सांगू नका. तुमच्या पहिल्या पगारातून धाकट्यांसाठी काय आणले होते आणि स्वतःसाठी काय आणायचे राहिले, एवढेच सांगून पाहा.

डिसेंबरमध्ये, भरिताच्या दिवसांत, आम्ही हाच चित्रपट धुळ्यात पुन्हा दाखवणार आहोत, दुपारी तीन वाजता. तुम्ही यावे, आणि दाराजवळच्या रांगेत बसावे. गोष्ट आता ठाऊक आहे, त्यामुळे उपशीर्षके वाचण्याची गरज नाही. नीता आणि सनत बोलत असतात आणि आई आडून पाहते, त्या प्रसंगाला डोळे मिटून घ्या आणि काय ऐकू येते ते नंतर मला सांगा. माझा तर्क चुकला असेल तर तेही सांगा; अमळनेरच्या वहीत तुमच्या नावापुढची जागा मी मोकळी ठेवली आहे.